डाग, बिल्ला आणि पंधरा आकडे



मराठीतल्या 'डाग' या शब्दापासून सुरुवात करू. कपड्याला पडतो तो डाग. अब्रूला लागतो तोही डाग. अडीनडीला सोनाराकडे नेतो तोही सोन्याचा डागच. दुखावलेल्या बैलाला तापलेली सळई टेकवतात, त्याला डाग देणं म्हणतात. आणि पूर्वी स्टेशनवर हमाल विचारायचा, "किती डाग आहेत?" तेव्हा ट्रंक, वळकटी, फळांची करंडी असे सगळे मिळून नग किती, एवढंच त्याला हवं असायचं. म्हणजे खूण, कलंक, दागिना आणि सामान, असे चार अर्थ एका शब्दात. आज ज्या वस्तूविषयी बोलायचं आहे तिला हे चारही अर्थ लागू पडतात. ती वस्तू म्हणजे परदेशी निघालेल्या कुत्र्या-मांजरांच्या मानेत बसवली जाणारी मायक्रोचिप.

वस्तू अगदी लहान. तांदळाच्या दाण्याएवढी. साधारण 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड अशी काचेची नळी, तिच्यात तारेचं बारीक वेटोळं आणि एक क्रमांक. जाड सुईच्या सिरिंजने ती मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. घरात बोलताना आपण 'चिप टाकली', 'चिप बसवली' असं म्हणतो. तिच्यात बॅटरी नसते. रीडर जवळ नेला की त्याच्या 134.2 किलोहर्ट्झच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, पंधरा आकडे सांगते आणि पुन्हा गप्प. कुत्रा हरवला तर मोबाइलवर तो कुठे आहे ते दिसेल, असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही दिसत नाही. जीपीएस वेगळं, चिप वेगळी. पंधरांपैकी पहिले तीन आकडे एकतर देशाचे असतात, भारताचे 356, नाहीतर 900 च्या पुढचे, म्हणजे चिप बनवणाऱ्याचे. उरलेले बारा त्या जनावराचे. आणि गंमत बघा, तुमच्या खिशातल्या मोबाइलचा आयएमईआय क्रमांकसुद्धा पंधराच आकड्यांचा आहे.

आता या व्यासपीठावर समीक्षा म्हटली की कविता, कादंबरी, नाटक यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र हे पंधरा आकडे आणि त्यांच्याभोवती जमणारे कागद हाच एक मजकूर मानतो आहोत. मजकूर म्हटला की प्रश्न तेच. हा कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? वाचू कोण शकतं? आणि ज्याच्या अंगावर लिहिला, त्याचं यात काय भलं झालं?

आधी व्यवहार बघू, कारण समीक्षा हवेत करता येत नाही. वाळूज आणि शेंद्र्याच्या उद्योगांमुळे जर्मनी आता आपल्या शहराला फार लांब वाटत नाही. समजा, सिडकोतलं एक कुटुंब म्युनिकला निघालं आहे. नवरा-बायको, एक मुलगी आणि पाच वर्षांचा एक कुत्रा. नेमणुकीचं पत्र आलं, दोन महिन्यांनी रुजू व्हायचं आहे. माणसांच्या व्हिसाची धावपळ सुरू होते. कुत्र्याचं काय, हा प्रश्न बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निघतो. आणि तोवर उशीर झालेला असतो.

कारण युरोपीय संघाचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा-पालटा करता येत नाही. आधी चिप. मग रेबीजची लस. चिप बसवण्याआधी टोचलेली लस, ती दरवर्षी न चुकता टोचलेली का असेना, या हिशेबात धरत नाहीत. का? तर लस नेमकी याच कुत्र्याला टोचली, हे दाखवणारी खूण त्या दिवशी त्याच्या अंगात नव्हती म्हणून. लस टोचल्यावर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त भरलं पाहिजे. भरलं, तरी रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे 30 दिवस अधिक तीन महिने, चार महिने झाले. माणसाला दोन महिने, कुत्र्याला चार.

मग काय होतं? कुत्रा आजी-आजोबांकडे राहतो. तो काही परका होत नाही, घर तेच असतं. पण पुढची अट अशी की कुत्र्याचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांच्या आत झाला, तरच तो 'मालकाबरोबरचा' धरला जातो. ती मुदत हुकली की त्याच कुत्र्याला व्यापारी मालाचे नियम लागतात. म्हणजे चार महिन्यांनी कोणीतरी त्याला न्यायला परत यायचं, नाहीतर घरातला कुत्रा कागदोपत्री माल होऊन जायचा. किती तरी घरांत इथेच हिशेब थांबतो. तात्पुरता ठेवलेला कुत्रा कायमचा राहतो. काही ठिकाणी आजी-आजोबांना झेपत नाही, मग तो ओळखीच्यांकडे जातो, तिथून आणखी कोणाकडे. शेवटचा पत्ता कोणालाच माहीत नसतो.

अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले. आत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला चिप हवी आणि वय किमान सहा महिने हवं. भारतासारख्या, रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी रक्ततपासणीचा अहवाल नसेल तर 28 दिवस विलगीकरण. जपानला रक्त घेतल्यापासून 180 दिवसांची वाट. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. आधी मान्यताप्राप्त देशात जाऊन राहायचं, मग तिकडून यायचं. आणि भारत सोडताना केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणीकरण सेवेचा दाखला लागतो. ती कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत. आपल्याला जवळची मुंबई.

हे सगळं ऐकलं की पहिली प्रतिक्रिया येते, "कुत्र्यासाठी एवढा थाट?" आम्हाला ही प्रतिक्रिया तपासाविशी वाटते. हा थाट कुत्र्यासाठी नाहीच. तो कुत्र्याविरुद्ध आहे, आणि त्याला कारण आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जपान, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती हे देश युरोपीय संघाच्या यादीत आहेत. तिथून निघालेल्या कुत्र्याला रक्ततपासणी लागत नाही. आपण त्या यादीत नाही. म्हणजे दुबईहून म्युनिकला जाणारा कुत्रा आणि संभाजीनगरहून जाणारा कुत्रा, दोघांना तीच लस, तीच चिप, तरी एकाला काही महिने जास्त. हा 'डाग' शब्दाचा दुसरा अर्थ, कलंक. त्या घरच्या कुत्र्याने काही केलेलं नाही. त्याच्या फाटकाबाहेर जे लस न टोचलेले कुत्रे फिरतात, त्यांचा हिशेब त्याच्या नावावर चढतो. बंगल्यातल्या कुत्र्याचा पासपोर्ट आपल्या गल्लीतला कुत्रा अडवून बसलेला असतो. गल्लीचं काय करायचं, हा प्रश्न टाळून बंगल्याचा प्रश्न सुटत नाही.

आता थोडं मागे जाऊ. जनावराच्या अंगावर सरकारने खूण करायची, ही कल्पना नवी नाही आणि या शहराला तर मुळीच परकी नाही. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना दाग देण्याची पद्धत घातली, अकबराने ती नव्याने लागू केली. मनसबदाराला अमुक इतके घोडे ठेवायचे म्हणून जहागीर मिळायची. हजेरीच्या दिवशी तो उत्तम घोडे दाखवायचा आणि एरवी मरतुकडी तट्टं पाळायचा, किंवा तेच घोडे दोनदा दाखवायचा. म्हणून घोड्याला तापलेल्या लोखंडाचा दाग आणि स्वाराच्या चेहऱ्याचं वर्णन कागदावर, असं दुहेरी बंधन आलं. दख्खनमधल्या मोगल सैन्याचे असे हजेरीचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात जपलेले आहेत. स्वाराचा रंग, कपाळ, भुवया, अंगावरचे वण. खाली घोड्याचा रंग आणि खुणा.

या कागदांचा प्रश्न काय होता? 'तोच का?' गेल्या हजेरीला दाखवलेला घोडा तो हाच का? मायक्रोचिपचा प्रश्न शब्दशः हाच आहे. लस टोचली तो कुत्रा, रक्त घेतलं तो कुत्रा आणि विमानातून उतरला तो कुत्रा, हे तिघे एकच का? युरोपने 3 जुलै 2011 पासून नव्या प्राण्यांसाठी कानातलं किंवा मांडीतलं गोंदण पुरेसं मानायचं बंद केलं आणि चिप सक्तीची केली, तीही याच कारणाने. गोंदण पुसट होतं, वाचताना चूक होते. तेव्हा आमचं पहिलं निरीक्षण असं, की चिप ही दागाची वारसदार आहे. तंत्र नवं, संशय जुना.

पण ओळखीचा आणखी एक प्रश्न असतो, 'कोणाचा?' हरवलेला कुत्रा सापडला की शेजारी हा प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर चिप देत नाही. पट्टा देतो. पट्ट्यावर नाव आणि फोन नंबर असला की गल्लीतलं कोणीही पोर वाचतं. चिपचा आकडा वाचायला रीडर लागतो. आणि वाचला तरी तो आकडा ज्या नोंदवहीत नाव-पत्त्यासह लिहिलेला आहे ती नोंदवही सापडावी लागते. चिप बसवणं आणि नोंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मालकांना फार क्वचित सांगितलं जातं. जर्मनीत टासो नावाच्या संस्थेकडे ही नोंद मोफत करता येते, पण ती आपण होऊन करावी लागते. कुत्रा म्युनिकला पोचला, चिप तपासून झाली, सगळे खूश. सहा महिन्यांनी तो बागेतून पळाला. सापडणाऱ्याने चिप वाचून घेतली. नोंद असलीच तर भारतातल्या जुन्या सिमकार्डच्या नंबरवर, आणि ते कार्ड केव्हाच बंद पडलेलं. सीमेवर 'तोच का?' या प्रश्नाला चोख उत्तर देणारी चिप रस्त्यावर 'कोणाचा?' या प्रश्नाला मुकी ठरते. परदेशी जाणाऱ्यांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा. पत्ता बदलला, फोन बदलला की नोंदवहीतही बदला. दहा मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या शिवारात या. बैलबाजारात ओळख कशी पटवतात? दात बघतात, शिंगांची ठेवण बघतात, अंगावरचे भोवरे बघतात. देवणी की लाल कंधारी, हे लांबून कळतं. माळेगावच्या यात्रेत मुरलेला माणूस वर्षापूर्वी विकलेलं जनावर गर्दीत ओळखतो. हेही वाचनच आहे. पण त्याची लिपी बाजारात सगळ्यांना येते. त्या लिपीवर आता पिवळा बिल्ला आला. बारा आकड्यांचा, कानात टोचलेला. लोक त्याला जनावराचं आधार कार्ड म्हणतात. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला बंदी आहे. लसीकरण, मालकी, बाजार, वाहतूक हे सगळं त्या एका आकड्याशी जोडायचं, असा तो विचार.

आणि रस्त्यावरचा कुत्रा? त्याची खूणही कानातच. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापतात. तो कापलेला कान दुरून दिसतो, त्याला रीडर लागत नाही. पण तो एवढंच सांगतो की याची शस्त्रक्रिया झाली. केव्हा झाली, कुठून उचलला होता, लसीची मुदत संपली का, यातलं काहीच तो सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलं की नसबंदी-लसीकरणानंतर कुत्रे उचलले त्याच भागात सोडावेत. रेबीजचे आणि आक्रमक कुत्रे वगळून. 'त्याच भागात' हे दोन शब्द पाळायचे तर कुत्रा कुठला, हे आधी कळलं पाहिजे. कापलेला कान ते सांगत नाही.

या तिन्ही खुणा शेजारी ठेवून बघा. बैलाला बिल्ला, कारण तो दूध-शेती-बाजाराच्या हिशेबात आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला कापलेला कान, कारण त्याची संख्या मोजायची आहे. आणि घरच्या कुत्र्याला चिप, पण केव्हा? तो देश सोडून निघतो तेव्हा. इथे जन्मला, इथे वाढला, पाच वर्षं इथल्या गल्लीत भुंकला, तोवर त्याला क्रमांकाची गरज कोणाला वाटली नाही. कुत्र्याचा परवाना हा आपल्याकडे महापालिकेपुरता विषय. तोही किती घरांनी काढला असेल, हे ज्याने-त्याने आपल्या मनाला विचारावं. ज्या देशात तो राहतो तिथे तो बेनाव, आणि ज्या देशात जायचं आहे त्याच्या मागणीवरून त्याची पहिली पक्की ओळख तयार होते. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. ओळख ही निर्यातीची वस्तू झाली आहे.

आता भाषेकडे. घरात हा कुत्रा 'आमचा मुलगा' असतो. "आमच्या मुलाला भूक लागली" असं म्हणणारी माणसं या सभागृहातही असतील. विमान कंपनीच्या कागदावर त्याच कुत्र्याला तीन अक्षरी संकेत मिळतो, 'एव्हीआय', म्हणजे जिवंत प्राणी. आणि परदेशातून भारतात परतणाऱ्यांसाठी जो नियम आहे तो कुठे सापडतो? सामानाच्या नियमांशेजारी. दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी, म्हणजे कुत्री किंवा मांजरं, आपल्या सामानाचा भाग म्हणून आणता येतात. हमालाचा प्रश्न इथे परत आला: किती डाग आहेत? दोन. एक काळा, एक पांढरा, दोन्हींना शेपूट आहे.

यात हसण्यासारखं आहे, पण हसून सोडण्यासारखं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे शिकणारे आपले काही विद्यार्थी पाळलेलं कुत्रं-मांजर सोडून निघायला तयार नव्हते. त्यांना सगळ्यात मोठा अडथळा आला तो कागदाचा. नियमात विद्यार्थी बसत नव्हता, ना हरकत दाखल्याला वेळ नव्हता, डोक्यावर बॉम्ब होते. शेवटी केंद्र सरकारने एकदाच म्हणून सवलत दिली आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांतून काही प्राणी भारतात उतरले. त्या वेळी समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एक म्हणे, माणसं अडकली असताना कुत्री कसली आणता? दुसरा म्हणे, केवढी ही माया! आम्हाला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. खरा मुद्दा असा की संकटाच्या वेळी नियम शिथिल करता येतात, हे सरकारने स्वतःच सिद्ध केलं. मग नियमातच अशी जागा का नसावी? दरवेळी 'एकदाच' म्हणून मेहेरबानी का व्हावी? कुत्र्याला सामान म्हटलं की त्याला मागे ठेवणं हा निर्णय उरत नाही, वजनाचा हिशेब उरतो. शब्द बदलला की जबाबदारी बदलते.

आपल्या परंपरेत या प्रसंगाची एक जुनी नोंद आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हस्तिनापूर सोडून निघतात, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. द्रौपदी पडते, चारही भाऊ पडतात. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, तू चल, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. सीमेवरचा अधिकारी, प्रवासी आणि बरोबरचं जनावर, हे दृश्य आपल्याला नवीन नाही! कीर्तनात ही कथा निष्ठेची म्हणून सांगतात आणि ते खरंच आहे. युधिष्ठिराने तिथे कुत्र्याची वंशावळ दाखवली नाही, लसीचं पुस्तक दाखवलं नाही. तो आपल्यामागे विश्वासाने आला, एवढाच त्याचा दावा होता.

पण समीक्षकाने इथे थांबू नये. कथेचा शेवट बघा. तो कुत्रा कुत्रा नव्हताच, तो प्रत्यक्ष धर्म होता. म्हणजे अखेर स्वर्गाचं दार उघडलं ते देवासाठी. साध्या, खऱ्या, खरजेच्या-शेपटीच्या कुत्र्याला आत न्यायचं धाडस त्या कथेनेही केलं नाही. त्याची 'खरी ओळख' वेगळीच निघाली तेव्हा प्रश्न सुटला. आजही तसंच चालू आहे. कुत्रा आत जातो तो पंधरा आकडे होऊन. आम्ही त्या कथेचा मान राखूनच म्हणतो, की कुत्र्याला कुत्रा म्हणून आत घेणारी कथा अजून लिहायची आहे.

इथे चिपच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर न्याय होणार नाही. नावं बदलतात, हे या शहराला कोणी सांगायला नको. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. 2025 मध्ये रेल्वे स्टेशनचं नाव आणि संकेतही बदलला. विमानतळाचा तीन अक्षरी संकेत मात्र आहे तोच राहिला, आयएक्सयू. 2022 साली लस घेतलेल्या कुत्र्याच्या पुस्तिकेवर एक शहर आणि मालकाच्या नव्या पासपोर्टवर दुसरं, असे कागद परक्या देशातल्या अधिकाऱ्यापुढे ठेवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी कुत्र्याच्या मानेतले पंधरा आकडे सगळ्यात विश्वासू ठरतात. त्यांना ना गावाचं नाव आहे, ना भाषा, ना राजकारण. कुत्र्याला आपण मोती म्हणा, तिकडे कोणी मॅक्स म्हणो, आकडा तोच. चिपचं बळ नेमकं तिच्या कोरडेपणात आहे. म्हणून चिप नको, असं आम्ही म्हणत नाही. चिप हवी, पण तिचा वाचक बदलायला हवा.

म्हणजे काय? एक, चिप परदेशाच्या तिकिटाबरोबर नको, पिल्लाच्या पहिल्या रेबीज लसीबरोबर, तिच्या आधी, त्याच दिवशी हवी. लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचली जातेच. त्याच टेबलावर चिपही बसू शकते. पुढे कधी परदेशी जायचं ठरलं तर निम्मा रस्ता कापलेला असेल, आणि नाही ठरलं तरी कुत्रा इथे ओळखीचा होईल. दोन, महापालिकेच्या परवान्यावर चिपचा क्रमांक लिहिला जावा आणि जिथे रस्त्यावरची कुत्री पकडून नेतात तिथे रीडर असावा. सोसायटीतून हरवलेला कुत्रा त्या पिंजऱ्यात सापडला, तर तो 'कोणाचा?' हे कळायला दुसरा मार्ग नाही. तीन, गायीला देशभर चालणारा एक क्रमांक मिळू शकतो, तर कुत्र्याची नोंद एका शहराच्या वेशीपाशी का संपावी? आणि चार, हा सगळा क्रम, चिप, लस, रक्त, वाट, मराठीत, साध्या शब्दांत, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला असावा. इंग्रजी फॉर्म वाचता आला नाही म्हणून आधी लस आणि मग चिप झाली, तर चार महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. एवढी मोठी शिक्षा एका न वाचलेल्या ओळीला होऊ नये.

आणि पाचवी गोष्ट सरकारची नाही, आपली आहे. आपल्या फाटकाबाहेरच्या चार कुत्र्यांची लस. ती टोचली तर आपल्या गल्लीतलं पोर वाचतं, ही पहिली आणि पुरेशी गोष्ट. त्या जोडीला, हळूहळू, या देशावरचा तो डागही फिका होत जातो, ज्यामुळे आपल्या घरच्या कुत्र्याला काही महिने जास्त थांबावं लागतं. युरोपची यादी ब्रुसेल्समध्ये तयार होते खरी, पण आपलं नाव तिच्यात यायचं की नाही, ते इथल्या गल्ल्यांमध्ये ठरतं.